कुणाचा कारखाना शोधताय, दोस्तांनो?

राजा रविवर्म्याने देव गोरगरिबांच्या घरात नेले, असं एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं. प्रदर्शनाच्या उद्‌घाटनात ऐकू येतं, आर्ट स्कूलच्या वर्गात ऐकू येतं, आणि आता आपल्या वस्तीतली पोरंही तेच बोलायला लागलीत. ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते त्याच्या झोपडीच्या कुडाला रविवर्म्याची लक्ष्मी लागली, म्हणजे केवढी क्रांती झाली, असा त्याचा मतलब. मला या वाक्याशी भांडायचंय.

आधी माझं सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की याला चित्रातलं काय कळतं. मी बोर्ड रंगवणारा माणूस. बाप बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडून निघाला तो तुर्भ्याच्या दगडखाणीवर येऊन टेकला. सिडको १९७० साली झाली. पंचाण्णव गावांची जमीन कागदावर घेऊन तिच्यावर नवी मुंबई काढायची ठरली होती. शहर काढायचं तर खडी लागते. खडी लागते तर खडी फोडणारा लागतो. तो आमचा बाप. मी त्याच खाणीच्या धुरळ्यात वाढलो आणि चौदाव्या वर्षी एका पेंटरच्या हाताखाली लागलो. पहिलं काम काय, तर किराणा दुकानाच्या पाटीवर लक्ष्मी. ती कशावरून काढायची? पेंटरकडे एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर चौकट आखून, घर मोजून, मी पन्नास-साठ लक्ष्म्या काढल्या असतील. ती मूळची रविवर्म्याची होती हे मला फार पुढे कळलं. तेव्हा रविवर्मा माझ्या हातातून गेलेला आहे. त्याने रेशमाची घडी कशी पाडली, मोत्यावर पांढऱ्याचा एकच ठिपका देऊन मोती कसा उठवला, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. माणसाचा हात मोठा होता. हे नाकारील तो आंधळा.

पण हात मोठा असणं वेगळं आणि क्रांती वेगळी.

साल बघा. रविवर्मा जन्मला १८४८ साली, त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूरच्या वाड्यात. त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव फुले मुलींची शाळा काढत होते. याचा जन्म आणि त्याची शाळा एकाच सालातली, यात रविवर्म्याचा काय गुन्हा? काही नाही. पण त्याच्या त्रावणकोरात काय चाललं होतं तेही बघा. खालच्या मानलेल्या जातींच्या बायांनी छाती झाकायची नाही, असा रिवाज. नाडार बायांनी त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षं मार खाल्ला, घरं जाळून घेतली, तेव्हा कुठे १८५९ साली त्यांना अंग झाकायची परवानगी निघाली. तीही वरच्या जातीच्या बाईसारखं नेसायचं नाही, या अटीवर. रविवर्मा तेव्हा अकरा वर्षांचा होता. पुढे या माणसाने सरस्वतीला, लक्ष्मीला, दमयंतीला साडी नेसवली. अशी नेसवली की अख्खा देश म्हणाला, वा, हीच भारतीय स्त्री. ज्या मुलखात कापडाच्या एका पदरासाठी दंगे झाले त्या मुलखाचा चित्रकार पदर काढण्यात उस्ताद निघावा, आणि चित्रकलेवर बोलणाऱ्या एकाही विद्वानाला हे दोन पदर शेजारी ठेवावेसे वाटू नयेत! ठेवतील कसे? एक पदर चित्रातला, दुसरा आपल्या आयाबायांचा.

आणि देवळं? रविवर्मा १९०६ साली गेला. त्रावणकोरची देवळं अस्पृश्यांना उघडली १९३६ च्या नोव्हेंबरात. तीस वर्षांनी. मधे वायकोमचा सत्याग्रह झाला, तोही देवळात जाण्यासाठी नव्हताच, देवळाबाजूच्या रस्त्यावरून चालण्यासाठी होता. आपल्याकडे १९२७ ला महाडचं पाणी, १९३० पासून काळारामाचं दार. लक्ष्मीचं चित्र घराघरात होतं ना तेव्हा? छापखाना सुरू होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती ना? मग नाशिकला दगड का पडले? कारण चित्र विकत घेणारा बाटत नाही, विकणाराही बाटत नाही. पैसा हातात पडला की विटाळ धुतला जातो. देवळाचं दार बंद ठेवायचं आणि देवाचा कागद बाजारात सोडायचा, याला मी धंदा म्हणतो. ज्याला क्रांती म्हणायचं असेल त्याने आधी सांगावं, त्या कागदाने कुठल्या विहिरीवरचा पहारा उठला?

आता बडोदा. रविवर्म्याचा मोठा आश्रयदाता म्हणजे सयाजीराव गायकवाड. बडोद्यात त्याला चित्रं काढायला स्टुडिओ बांधून मिळाला, पुराणातल्या चौदा चित्रांचं काम मिळालं, ती चित्रं राजवाड्याच्या भिंतीवर चढली. याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं. महाराजांचं हे ऋण आपण विसरत नाही, विसरूही नये. पण १९१७ साली करार पाळायला बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा काय झालं? त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कोलंबियाचा शिकलेला माणूस बागेत झाडाखाली बसला. खजिना एकच, शहर एकच. चित्रातल्या शकुंतलेला तिथे भिंत मिळाली. जिवंत माणसाला मिळाली नाही. कलेच्या इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात ही दोन वाक्यं एका पानावर आहेत ते मला दाखवा.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगत होतो. पोरगा आर्ट स्कूलमध्ये आहे, रविवर्म्याचा भक्त आहे, भक्त म्हणजे पुरा. त्याच्या खोलीत एका भिंतीला बाबासाहेब, दुसरीला रविवर्म्याची हंस-दमयंती. तो म्हणाला, "मामा, तुमचं राजकारण बरोबर हाय, पण तुम्ही एकदा माळवलीला चला. त्याचा प्रेस होता तिथं. शोधून काढू." मी म्हणलं, चल. भाचा म्हणतोय म्हणून गेलो, आणि खोटं कशाला बोलू, ज्याची लक्ष्मी साठ वेळा काढली त्याचा कारखाना कुठे होता हे बघायची खाज मलाही होती.

प्रेसची हकीकत थोडक्यात अशी. १८९४ साली रविवर्मा आणि त्याचा भाऊ राजा वर्मा यांनी मुंबईत गिरगावात शिळाप्रेस काढला. भांडवलाला एक गुजराती शेठ, यंत्रं जर्मनीची, कारागीर जर्मनीचे. दोन वर्षांत मुंबईत प्लेग आला, माणसं पटापटा मरायला लागली, मजूर पळाले. मग १८९९ च्या सुमाराला प्रेस घाटावर हलवला, लोणावळ्याच्या पुढचं स्टेशन माळवली, तिथे. धंदा बुडीतच चालला होता. विसाव्या शतकाच्या सुरवातीलाच श्लायखर नावाच्या जर्मन कारागिराला प्रेस विकून टाकला, चित्रं छापायच्या हक्कासकट. रविवर्म्याच्या नावाने पुढे जी हजारो चित्रं देशभर गेली, काड्यापेटीवर गेली, कापडाच्या लेबलावर गेली, त्यातली पुष्कळशी या विक्रीनंतरची. १९७२ साली आग लागून प्रेस जळाला. ज्या साली माझा बाप गाव सोडून निघाला, ज्या साली मुंबईत पँथर उभी राहिली, त्या साली. योगायोगच आहे, त्याचा अर्थ काढत बसत नाही.

पनवेलहून गाडी धरून लोणावळ्याला उतरलो, तिथून पुणे लोकल, पुढचंच स्टेशन माळवली. आषाढाचा पाऊस. स्टेशनबाहेर कणसं भाजत बसलेल्या मावशीला विचारलं, "मावशी, इथं जुना छापखाना कुठं होता?" ती म्हणाली, "कसला छापखाना? भाज्याला जायचंय का एकविरेला?" पुढे एक रिक्षावाला म्हणाला आग लागलेला कारखाना ना, इकडं. दुसरा म्हणाला तिकडं. दोन तास चिखल तुडवला. सगळीकडे बंगले. पुण्या-मुंबईच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले, लोखंडी फाटकं, आत पोहायचा हौद, बाहेर कुत्र्यापासून सावध राहायची पाटी. एका पडक्या भिंतीशी भाचा थांबला आणि म्हणाला, हीच. मी म्हणलं, कशावरून? तो म्हणाला, आतून वाटतंय. तिथला रखवालदार परभणीकडचा निघाला. त्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, मला फाटक उघडू नको म्हणलंय, बाकी मला काय ठावं?" जागा तीच की दुसरी यावर आमचं आजही एकमत नाही.

पोराने भिंतीला हात लावला, डोळे मिटले. मी त्याला म्हणलं, आता मला सांग, इथे काम कोण करत होतं?

"रविवर्मा."

रविवर्मा तेलरंगात एक चित्र काढून मोकळा. तो देशभर फिरत होता, दरबार करत होता. प्रेसमध्ये काय चालतं ते तुला ठाऊक आहे, तूच मला सांगतोस. जर्मनीतून आलेला चुनखडीचा दगड. एकेक दगड दोन माणसांनी उचलायचा. एक चित्र छापून झालं की तो दगड वाळू आणि पाणी घालून, दगडावर दगड घासून, पुन्हा कोरा करायचा. तासन्‌तास. मग त्याच्यावर तेलकट खडूने चित्र उलटं उतरवायचं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, पापणीच्या केसापर्यंत. आणि एक दगड म्हणजे एक रंग. लक्ष्मीच्या गालाला गुलाबी वेगळा, साडीला लाल वेगळा, कमळाला वेगळा. दहा-बारा रंग, कधी त्याहून जास्त, तेवढे दगड, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच रेघेवर बसला पाहिजे. केसाएवढा सरकला तर लक्ष्मीला दोन नाकं. हे ज्यांनी केलं त्यांनी रविवर्मा घडवला. चित्राच्या तळाशी प्रेसचं नाव आहे, गावाचं नाव आहे. दगड घासणाऱ्याचं आहे का?

आणि चेहरा कुणाचा? गोव्याकडच्या कलावंत समाजातली थोर गायिका अंजनीबाई मालपेकर त्याच्या चित्रांची प्रेरणा होती असं सांगतात. ज्या समाजाच्या बायांना गावच्या सभ्य लोकांनी देवळाच्या चाकरीला आणि शेठच्या माडीला बांधून ठेवलं, त्या समाजातल्या बाईचं रूप देवीला चालतं. पूजेला चालतं. हळदीकुंकवाला चाललं असतं का?

भाचा गप्प झाला. रागावला होता. मी म्हणलं, चल, मावशीने काय विचारलं होतं? भाज्याला का एकविरेला? दोन्हीकडे जाऊ.

इथे मला जे म्हणायचंय ते सुरू होतं. कारण माळवली या एका स्टेशनच्या दोन अंगांना भाजे आणि कार्ले आहेत. रविवर्म्याने आपला कारखाना टाकला तो, नकळत का होईना, या देशातल्या सगळ्यात जुन्या कारखान्यांपैकी दोघांच्या मधोमध टाकला. लेणं म्हणजे दुसरं काय आहे? कारागिरांचा कारखानाच. फरक एवढाच की त्यांनी माल बाहेर नेला नाही, कारखानाच माल करून ठेवला.

भाज्याचं चैत्यगृह इसवी सनाआधीच्या दुसऱ्या शतकातलं. आत उभे राहा आणि मान वर करा. छताला लाकडाच्या कमानी आहेत. दोन हजार वर्षांचं लाकूड. दगडात कोरलेल्या छताला लाकडाच्या फासळ्यांची गरज नाही, ते काही त्याच्यावर तोललेलं नाही. पण ज्यांनी ते केलं त्यांचा हात लाकडाच्या घरांवर बसलेला होता. सुताराच्या डोळ्याने त्यांनी डोंगर बघितला. शेवटच्या लेण्यात एक बाई वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. तिच्यापुढे कुणी राजा बसलेला असो नसो, ती आपल्या हातातल्या तालात आहे. बाजूला अर्धवट सोडलेली कामं आहेत. माझ्या बापाला मी एकदा इथे आणलं होतं. तो म्हातारा बुद्धाला हात जोडून आधी त्या अर्धवट कामाकडे गेला. छिन्नीच्या घावावर बोट फिरवत म्हणाला, "ह्यो डावरा होता. आन्‌ वरून खाली आलाय, खालून वर न्हाई. वरून आलं की पालकं बांधाया लागत न्हाईत." डावरा होता की नव्हता ते पुरातत्त्ववाले जाणोत. पण वरून खाली कोरत आणायची रीत पुस्तकात आहे, मी नंतर वाचली. बापाने पुस्तक वाचलं नव्हतं. त्याने दगड वाचला.

आणि कार्ले. पंचेचाळीस फूट उंच आणि सव्वाशे फूट खोल सभागृह. तिथे ब्राह्मी लिपीत लेख आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठचा लेख आहे, त्याने जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह पुरं केल्याचा. शेठ लोक तेव्हाही पाटी लावण्यात पुढेच. पण दाराशी दुसरा एक लेख आहे. धेनुकाकट गावचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, नाव सामी, त्याने दार केलं. बस, एवढंच. गाव, बापाचं नाव, धंदा, स्वतःचं नाव, आणि केलेलं काम.

भाच्याला म्हणलं, हे वाच. १८९९ सालच्या छापखान्यात दगड घासणाऱ्याचं नाव कागदावर नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचं नाव दारावर कोरलेलं आहे. आता मला सांग पुढारलेलं कोण.

इथे लगेच टाळ्या वाजवू नका. बुद्धाच्या काळात सगळं समान होतं, कारागीर राजासारखा राहत होता, असली भाबडी भाषणं मला आवडत नाहीत. भूतपालाच्या पैशाशिवाय ते सभागृह झालं नसतं, आणि सामी सोडून बाकीचे पाथरवट तिथेही बिननावाचेच गेले. ते आपल्याच जातीचे होते, आपलेच पूर्वज होते, याचेही दाखले काढत बसू नका. दाखला लागतो तो जातीला. मला एवढंच दिसतं की त्या धम्माच्या दारात हाताने काम करणाऱ्याने आपलं नाव कोरलं आणि कुणी ते छिन्नीने खरवडून टाकलं नाही. मनूच्या राज्यात हे होऊ शकलं नसतं.

आता कार्ल्याच्या दारातली दुसरी गोष्ट, जिच्यावरून आपली पोरं दर साली तावातावाने बोलतात. चैत्याच्या तोंडाशी एकविरेचं देऊळ आहे. आमच्यातले काही जण तिथे जाऊन घोषणा देतात, परत येताना कोळी-आगऱ्यांना शिव्या देत येतात. दोस्तहो, जरा थांबा. ती एकविरा कुणाची? आमच्या नवी मुंबईच्या दिवाळ्याच्या कोळ्याची, करावेच्या आगऱ्याची, उरणच्या मिठागरवाल्याची. ज्यांची भातशेती सिडकोने घेतली, ज्यांच्या पाच माणसांवर १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला गोळ्या घातल्या गेल्या, ते हे लोक. चैत्यात पालखी घेऊन नाचणारी कोळीण तुमची दुश्मन नाही. तिच्या हातातून खाडी कुणी काढली आणि तुमच्या हातातून लेणं कुणी काढलं, ते शोधा, एकच पत्ता निघेल. लेण्याच्या बोर्डावर हे बौद्ध लेणं आहे हे ठळक लिहा म्हणून सरकारशी भांडा. दारातल्या गर्दीशी भांडलात तर तिसराच हसेल.

लांब कशाला जायचं. वाघिवलीवाड्याकडे डोंगरात एक गुंफा होती, गावचे लोक केरूमाता म्हणून तिला पूजत. हे बौद्ध लेणं आहे, ते वाचवा, म्हणून पनवेल-उलव्याच्या आपल्या लोकांनी आंदोलन केलं. जागा विमानतळाच्या हद्दीत गेलेली. त्या विमानतळासाठी उलव्याचा अख्खा डोंगर कापला, नदीचं पात्र वळवलं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्‌घाटन झालं. भाषणात टर्मिनलच्या कमळाच्या आकाराचं कौतुक झालं. कमळाचंच. रविवर्म्याची लक्ष्मी अजून उभीच आहे त्याच्यावर.

माळवलीचा प्रेस जळाला त्याबद्दल हळहळणारे लोक आहेत, लेख लिहितात, जुने दगड जपतात, लिलावात कागद घेतात. जपू द्या, चांगलंच आहे. पण माझा सवाल त्यांना नाहीच. माझा सवाल तुम्हाला आहे. दादरला बाबासाहेबांचा बुद्धभूषण प्रेस होता. आंबेडकर भवनात. 'जनता'चं 'प्रबुद्ध भारत' झालं १९५६ साली, त्या सगळ्या लिखाणाशी जोडलेली ती जागा. २०१६ सालच्या जूनची पंचवीस तारीख, उजाडायच्या आत, जेसीबी लावून ती इमारत पाडली. पाडणारे बामण होते? नाही. आपल्याच ट्रस्टच्या नावाने, आपल्याच शिकल्यासवरल्या लोकांनी, नवं मोठं भवन बांधायचं म्हणून पाडली. जुलैत मुंबईच्या रस्त्यावर मोर्चा निघाला, केवढा निघाला! मीही होतो. माझा सवाल असा आहे की त्या मोर्चात चाललेल्यांपैकी किती जण चोवीस जूनपर्यंत कधी तो प्रेस बघायला गेले होते? यंत्र कुठलं होतं, टाईप कुठला होता, कंपोझिटर कोण होते, हे विचारायला कोण गेलं होतं? त्या जुन्या कंपोझिटरांची नातवंडं आज आपल्यातच कुठेतरी आहेत. जेसीबीवर राग काढणं सोपं आहे. जिवंत असताना जाऊन बघणं अवघड, कारण त्यात फोटो येत नाही.

आणि कलावंतांचं काय? वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, २००४ साली गेले. त्यांचा स्टुडिओ शोधायला निघालात तर कुठे जाल? बीडीडी चाळीच्या पायरीवर, एसटीच्या स्टँडवर, ज्याच्या घरी रात्री मुक्काम पडला त्याच्या ओसरीवर. भीमराव कर्डकांच्या जलशाचा स्टुडिओ म्हणजे गावकुसाबाहेरचं मैदान आणि एक बत्ती. कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० च्या डिसेंबरात जोतीरावांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा बसला, बाबासाहेब हयात असताना. ते पुतळे बाळ चव्हाणांनी केले. आपल्यापैकी किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे? पुतळ्याला हार घालणारा हात लाखाचा, घडवणाऱ्याचं नाव विचारणारं तोंड एक नाही. मग रविवर्म्याच्या प्रेसवाल्यांना आपण कुठल्या तोंडाने विचारणार, की दगड घासणाऱ्याचं नाव का नाही?

छप्पन साली आपल्या आयांनी देवाच्या तसबिरी उतरवल्या, नदीत सोडल्या. त्यात रविवर्म्याच्याही होत्या, असणारच. रिकाम्या खिळ्यावर बुद्ध आणि बाबासाहेब आले. ते कुणी काढले? कुठल्या प्रेसमध्ये छापले? निळा कोट, लाल टाय, हातात पुस्तक, बोट पुढे, ही ठेवण पहिल्यांदा कुणाच्या ब्रशातून आली? ते चित्र आज रविवर्म्याच्या लक्ष्मीइतकंच घराघरात आहे. त्याच्यावर जाड पुस्तक नाही, लिलाव नाही, कुठल्या माळवलीला पडकी भिंत नाही. माझा भाचा म्हणतो, कला-इतिहास म्हणजे गंभीर विषय आहे. बरोबर. मग हाच घे की विषय. आणि तुम्ही, मोर्चेवाले, जे म्हणता की चित्रबित्र बामणांची हौस, आपण रस्त्यावर लढू, तुम्ही मला सांगा, मोर्चाच्या पुढे जो फोटो धरता तो आकाशातून पडला का?

फ्लेक्स आल्यापासून माझ्या ब्रशला काम नाही. तुर्भे, घणसोली, रबाळे, नेरूळ, या पट्ट्यात चौदा एप्रिलचे बॅनर हाताने रंगवणारे आम्ही दहा-बारा जण होतो. चार गेले. एकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. एकाच्या बायकोने परवा त्याचे स्टेन्सिल आणि चौकटी आखलेले कागद भंगारवाल्याला दिले, किलोच्या भावाने. गाणाऱ्यांच्या वह्यांचंही तेच चाललंय. ऐरोलीला बाबासाहेबांचं स्मारक झालंय, ग्रंथालय आहे, टेबलखुर्च्या आहेत, पंखा आहे. तिथे बसून काम करायला जागा आहे. तुमच्या वस्तीत जो कुणी पेंटर, गायक, ढोलकीवाला, पुतळ्याचे साचे करणारा, जुना कंपोझिटर असेल त्याच्याकडे या महिन्यात जा. नाव, गाव, बापाचं नाव, धंदा, काय काम केलं, ते लिहून आणा. वह्या असतील तर झेरॉक्स काढा आणि मूळ वही त्याच घरात परत द्या. भाच्याने दोन जणांचं केलंय. त्यातल्या एकाने १९७८ साली नामांतराच्या मोर्चासाठी एका रात्रीत चाळीस बॅनर रंगवले होते आणि त्याला रंगाचे पैसे अजून मिळालेले नाहीत.